मानाची फेरी

ड्रोन मी उडवत नाही. हे आधीच सांगते, कारण गावोगावी लोक मला ‘ड्रोनवाल्या मॅडम’ म्हणतात आणि माझ्या हातात रिमोट शोधतात. ड्रोन आपापले उडतात. पाच ड्रोन एकाच वेळी एका शिवारात सोडायचे, तर कुणी कुठला पट्टा फवारायचा, कुणी किती उंचीवरून परत यायचं, कुणाची बॅटरी कधी बदलायची, एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून कुणी किती सेकंद थांबायचं, हे सगळं आदल्या दिवशी बसून ठरवणारी ती मी. माझ्या वडिलांना हे समजावून सांगायला मला अख्खी दिवाळी लागली. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हंजी तू उंटावरून शेळ्या हाकतीस.”

“हाव बाबा,” मी म्हणाले, “पण माझ्या शेळ्या पाठीवर दहा-दहा लिटर विष घेऊन चालतात.”

त्यावर ते हसले नाहीत. “मग नीट हाक,” एवढंच म्हणाले.

मी कंधारकडची. लातूरला शेतीची पदवी घेतली, ड्रोनचं प्रशिक्षण केलं, परवाना काढला आणि तिथल्याच एका शेतकरी कंपनीत लागले. पहिल्या महिन्यातच कळलं की नकाशा हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. बांध टॅबलेटवर बोटाने काढता येतात, झाडं आणि विजेच्या तारा टाळता येतात. वाऱ्याचाही अंदाज मिळतो. टाळता येत नाही तो मान.

गावात प्रत्येक गोष्टीला क्रम असतो. होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला वेशीतून पहिले बैल कुणाचे, हे ठरलेलं. मग आकाशातून येणारं हे नवं यंत्र तरी पहिल्यांदा कुणाच्या शेतावर जाणार? मानकऱ्याच्या. माझा नकाशा सांगायचा की वाऱ्याच्या हिशोबाने पलीकडच्या टोकाला सुरुवात करा. गाव सांगायचं की पहिलं मालकाचं. दोन-तीन ठिकाणी सकाळ वादातच गेली आणि दुपारी वारा सुटल्यावर आम्ही भरलेल्या टाक्या घेऊन परत आलो.

तेव्हा मी युक्ती काढली. एका ड्रोनमध्ये नुसतं स्वच्छ पाणी भरायचं, नारळ फोडायचा, आणि तो ड्रोन मानकऱ्याच्या शेतावर एक गिरकी घालून परत आणायचा. मान झाला. मग पाचही ड्रोन माझ्या क्रमाने सोडायचे. मी त्याला ‘मानाची फेरी’ असं नावही दिलं. आमचे अध्यक्ष इतके खूश झाले की नव्या मुलामुलींच्या प्रशिक्षणात त्यांनी ते शिकवायला लावलं. साप मरतो आणि काठीही तुटत नाही, असं ते सगळ्यांना सांगत.

खरं सांगायचं तर मला या मानाची चीड आहे. आमच्या गावात पोळ्याला बौद्ध वस्तीतले बैल सगळ्यात शेवटी वेशीतून जायचे. बैलांना झूल घालून, शिंगं रंगवून बाबा आमच्या एकुलत्या एका जोडीला धरून तासन्‌तास उभे राहायचे. एका वर्षी ते बैल घेऊन अर्ध्यातूनच मागे फिरले, आमच्याच दाराला तोरण बांधलं आणि त्याखालून जोडी नेली. पुन्हा ते वेशीवर गेले नाहीत. अशा बापाची मी लेक. आणि मीच मानाला खास फेरी काढून दिली. राग गिळून काम काढून घेणं याला मी हुशारी म्हणत होते.

उदगीरकडच्या एका गावात, पोळा होऊन काही दिवस झाले होते, तेव्हा या हुशारीची किंमत कळली. ती मी नाही मोजली, दुसऱ्याच बाईने मोजली.

सोयाबीन शेंगेत होतं आणि अळी लई पडली होती. पश्चिमेला रस्त्यालगत मानकऱ्यांचं मोठं रान, मग इतरांची शेतं, आणि पूर्वेच्या टोकाला सोयाबीनला खेटून एका बाईची दोन एकर तुती. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. चाळिशीची असेल. नवरा हैदराबादला गाडी चालवायचा आणि ती इथे एकटी रेशमाचे किडे पाळायची. शेडात बांबूचे रॅक, रॅकवर हजारो पांढऱ्या अळ्या, आणि त्यांचा तुतीचा पाला खाण्याचा आवाज. किडे शेवटच्या वयात होते. आठवडाभरात कोष धरणार होते. या दिवसांत ते मरणाचे खातात, आणि पाल्यावर कीटकनाशकाचा नुसता शिंतोडा उडाला तरी संपतात.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बांधावर उभ्या राहिलो. मी तिला टॅबलेटवर दाखवलं. वारा इथे सकाळी पश्चिमेकडून उठतो, म्हणजे तुमच्या तुतीवर येतो. उजाडल्यावर तास-सव्वा तास तो पडलेला असतो. तेवढ्यात आधी तुमच्या बाजूचा पट्टा उरकायचा, तुतीलगत वीस फूट सोडून. वारा उठेपर्यंत आम्ही रस्त्याकडे सरकलेले असू.

“नक्की ना, मॅडम?” तिने विचारलं.

“नक्की, अक्का. शब्द देते.”

शब्द हा शब्द मी उच्चारला होता. तो मला आजही चावतो.

सकाळी सव्वासहाला पाचही ड्रोन आपापल्या चटईवर तयार होते. वाऱ्याचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती मीटर तो, जवळजवळ शून्य. अशी सकाळ मागून मिळत नाही. पण मानकरी यायचे होते. ते पूजा आटोपून आले तेव्हा सातला दहा कमी होते. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. आमच्या सगळ्या चमूला त्यांनी घरच्याच कपांतून चहा दिला, माझी जात माहीत असून. सारं गाव त्यांना ‘मालक’ म्हणायचं. माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही, मी ‘काका’ म्हणायचे. त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

नारळ फुटला. ड्रोनला हार घातला, मग हार पंख्यात अडकेल म्हणून काढला. चार नंबरचा ड्रोन पाणी घेऊन त्यांच्या रानावर गेला. फोटो नीट आला नाही म्हणून तोच पुन्हा गेला. बाकीचे चार चटईवर बसून होते. अध्यक्ष लातूरहून मुद्दाम आले होते, मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होते. मीही टाळ्या वाजवल्या.

पाचही ड्रोन खऱ्या कामाला उठले तेव्हा सात वाजून गेले होते. तुतीलगतचा अगदी कडेचा पट्टा चार नंबरच्या वाट्याला होता, आणि त्याची बॅटरी मान देण्यातच बरीचशी संपली होती. तो मधूनच परत आला. त्याच्या बदलीच्या बॅटऱ्या अजून चार्ज होत होत्या. अशा वेळी यंत्रणा मला विचारत बसत नाही. राहिलेला पट्टा ती बाकीच्या चौघांत वाटून टाकते, ते आपापलं काम आटोपून तिकडे वळतात. तसे ते वळले, पण उशिरा. वारा उठला होता. तीनच्या वर आकडा गेला की फवारणी थांबवायची हा नियम. आकडा तीन झाला, साडेतीन झाला, चार झाला.

थांबवायचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. बांधावर अर्धं गाव उभं होतं, अध्यक्ष कुणाला तरी सांगत होते की बघा, माणूस नको काही नको. काम अर्धवट टाकून ड्रोन खाली आणले तर आज जी तारीफ होती तिची उद्या टर होणार. एवढाच तर पट्टा आहे, होईल, असं मी मनाशी म्हणाले. अंगठा उचलला नाही, दाबलाही नाही.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन आला. तक्रार नव्हती. “मॅडम, तुमच्या त्या औषधाचं नाव काय हो?” एवढंच विचारलं.

मी उदगीरची बस धरली. शेडात शिरले तेव्हा पाला खाण्याचा आवाज नव्हता. किडे माना वर करून हलवत होते, तोंडातून हिरवं पाणी गाळत होते. बरेचसे आखडून पडले होते. अक्का घमेल्यात भरून त्यांना खड्ड्यात टाकत होती. मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, “बसा, चा करते.”

आणि मी काय केलं? “बघते, अक्का, तपासते,” म्हणून चहा पिऊन परत आले. लाज वाटते लिहिताना.

तपासायला काही नव्हतं. ड्रोन खोटं बोलत नाहीत. प्रत्येक ड्रोन कुठल्या क्षणी कुठे होता, वारा किती होता, नळी चालू होती की बंद, सगळं नोंदलेलं असतं आणि पुन्हा चालवून बघता येतं. लातूरच्या खोलीवर मी ते दहा वेळा बघितलं. नकाशावर पाच ठिपके. एकटा ठिपका रस्त्याकडच्या रानावर फिरतोय, चार बसलेत. एकोणीस मिनिटं बसलेत.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांपुढे टॅबलेट ठेवला. त्यांनी बघितलं, आणि पालथा घातला. “बघ ताई,” ते म्हणाले, “तिला किड्यांच्या पुढच्या बॅचला आपण काय ती मदत करू. पण हे कुणाला दाखवू नको. आपल्यावर कुणी बोट दाखवलेलंच न्हाई, मग आपण होऊन कामून हात वर करायचा?”

बोट कुणीच दाखवलेलं नव्हतं, हे खरं होतं. का, ते मला अक्कानेच फोनवर सांगितलं, जेव्हा मी धीर करून पुन्हा विचारलं. गावात ठरलं होतं की किडे विटाळाने मेले. बाई बाहेरची असताना शेडात गेली, म्हणून लक्ष्मी कोपली. भावकीतली माणसं म्हणत होती की पुरे झालं हे किड्यांचं, तुती उपटा, त्या जमिनीत सोयाबीन पेरा, विहिरीचं पाणीही वाचेल. नवऱ्याला फोन गेले होते. पुढच्या बैठकीत ते पक्कं करणार होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. चूक माझी, मान काकांचा, आणि तुती उपटायची अक्काची. विटाळ हा शब्द ऐकून माझ्या कपाळाची शीर उठते. तो शब्द आमच्या पिढ्यांच्या अंगावर फेकला गेला आहे. कुणाला लांब ठेवायचं असलं की तो कसा कामाला येतो, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

बैठक खरं तर आमच्यासाठीच होती. पुढच्या फवारणीचा क्रम ठरवायचा होता. निघायच्या आधी अध्यक्षांचा फोन आला की फक्त क्रम ठरव आणि ये, बाकी काही बोललीस तर परत यायची गरज नाही. मी म्हणाले, “बरं.” त्यांनी आपल्या सोयीचा अर्थ घेतला. दुसऱ्या दिवशी मला काढलं, ते आत्ताच सांगून टाकते, कारण त्यात विशेष काही नाही. आता मी आणि आणखी दोघी मिळून नांदेडकडे हेच काम करतो, आमच्या नावावर. आमच्या नियमांच्या कागदावर पहिलीच ओळ आहे: फेरी वाऱ्याची, मानाची नाही. ज्याला पटत नाही त्याने दुसरीकडून फवारून घ्यावं.

तर बैठक. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर पुरुष, पायऱ्यांच्या कडेला आठ-दहा बायका, त्यात अक्का डोक्यावरून पदर घेऊन. मानकरी काका नात्याने तिचे चुलत दीर. त्यांनीच सुरुवात केली. “मागल्या टायमाला मानाची फेरी लई शोभली. या टायमाला बी तशीच करा.”

“या वेळी होणार नाही, काका,” मी म्हणाले.

मी टॅबलेट चालू करून त्यांच्या हातात दिला. बोटाने दाखवत गेले. हा रस्ता, हे तुमचं रान, ही अक्काची तुती. हा फिरतोय तो मानाचा ड्रोन, हे चार बसलेले. इथे वरती वेळ, इथे वाऱ्याचा आकडा. हा बघा वारा उठला. आणि हे बघा, आत्ता चौघे तुतीकडे चाललेत, नळ्या चालू. वारा चार.

टॅबलेट हातोहात फिरला. अशी गोष्ट लोकांना फार पटकन कळते. आयुष्यभर वारा बघून फवारणी केलेली माणसं ती. एक म्हातारे म्हणाले, “आरं, चारच्या वाऱ्यात आमी पाठीवरचा पंप बी उतरून ठिवतो.”

काकांचा चेहरा उतरला. “म्हंजी माझ्यामुळं मेले म्हन की.”

“तुमच्यामुळं नाही,” मी म्हणाले. “तुम्ही मान मागितला, मी दिला. वाऱ्याचं मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. बटण माझ्या हातात होतं आणि मी दाबलं नाही, कारण सगळ्यांपुढं मला लाज वाटली. किडे मी मारले. अक्काला शब्द देऊन मारले. कुणाचा विटाळ-फिटाळ काही नाही. उपटायची असेल तर माझी नोकरी उपटा, तुतीला हात लावू नका.”

माझा आवाज चढला होता. वाटलं, आता संपलं, आता कुणी काय बोलणार. पण विटाळ इतक्या सहजी सुटत नाही. भावकीतला एक जण उठला. “मॅडमनं चूक कबूल केली, चांगलं हाय. पन ती बाई त्या दिसात आत गेलती का न्हाई, तेवढं इचारा तिला. दोन्ही गोष्टी झाल्या असतील की.”

सगळे पायऱ्यांकडे बघू लागले. मी बोलायला तोंड उघडलं, पण अक्का उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर तसाच. दिरापुढे ती कधी बोलली नसावी, कारण सगळ्यात आधी काकाच दचकले.

“गेलते,” ती म्हणाली. “बाहेरची होते आन्‌ आत गेलते. दिसातून चार टाइम पाला घालाया लागतो, तुमी येणार होतात काय घालाया? आता पुढचं ऐका. याच्या आदीच्या तिन्ही बॅचीला बी ते दिवस आलते. तवा बी मी आत गेलते. कुनाला सांगितलं न्हाई. ते किडे मेले न्हाईत, कोष असे धरले की बाजारात लोकं बघाया आले.” तिने श्वास घेतला. “त्याच कोषाच्या पैशातून ह्या मारुतीच्या देवळाच्या रंगाला मी वर्गणी दिली. भावजींनीच पावती फाडली. इटाळ असंल तर ह्या भिंतीला बी लागलाय. मग रंग खरवडता का? आदी रंग खरवडा, मंग माझ्या तुतीकडं या.”

कुणी देवळाकडे बघितलं नाही. बायकांत एक जण हसली आणि तिने तोंडावर पदर धरला. उठलेला माणूस खाली बसला.

“तुती ऱ्हाऊ द्या,” शेवटी काका म्हणाले.

“ऱ्हाऊ कामून द्या?” अक्का म्हणाली. “माझी हाय ती.”

नव्या बॅचच्या आधी शेड चुन्याने धुवायचं राहिलं होतं, म्हणून ती पुढच्या बोलण्याला थांबली नाही.